मदत हवी आहे : कोजागरीला गच्चीवर कोणता मराठी सिनेमा लावू? (मागच्या वर्षी तोंड पोळलंय)

मसालादूध :

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमची ४२ फ्लॅटची सोसायटी. कोजागरीला गच्चीवर भेळ, मसाला दूध आणि पडदा बांधून एक मराठी सिनेमा, असा बेत गेली दोन वर्षं चाललाय. सिनेमा निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण पहिल्या मीटिंगमध्ये मी नको तेवढं बोललो. मी कुणी समीक्षक नाही. बँकेत नोकरी करतो, जेवणं झाली की रात्री सिनेमे बघतो आणि आवडलं-नावडलं तोंडावर सांगतो. त्याचीच ही फळं.

पहिल्या वर्षी ‘अशी ही बनवाबनवी’ लावला. १९८८चा सिनेमा, गच्चीवरच्या निम्म्या लोकांना पाठ. पडद्यावरचा माणूस तोंड उघडायच्या आत मागून संवाद यायचा. मजा आली, पण खरं सांगू? सिनेमा कुणी बघितलाच नाही. ती एक प्रकारची आरती होती, टाळ्यांसकट.

म्हणून दुसऱ्या वर्षी मला चेव आला आणि मी ‘फँड्री’ लावला.

नागराज मंजुळेंचा हा सिनेमा माझ्या अगदी जवळचा आहे. शाळेच्या आसपास जब्या या पोराचं, गावानं जातीवरून हिणवलेलं कुटुंब डुक्कर पकडतंय, ते पळतंय, बापाची आणि पोरांची त्रेधा उडालीय. आमच्या गच्चीवर हशा पिकला. पडद्यावरही गावातले लोक जमून हसतच होते. हळूहळू आमच्याकडच्या काहींच्या लक्षात आलं की आपण नेमके कुणाबरोबर हसतोय. एकेकाचा आवाज बंद झाला. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक काकू खरोखर खुर्चीसकट मागे सरकल्या. पडदा काळा झाला. कुणीतरी विचारलं, “संपला? असा कसा संपला?” तोवर निम्मे लोक खाली गेले होते आणि दुधावर साय धरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ आणि त्यांची तिसरीतली मुलगी. मुलीनं विचारलं, “काका, त्या मुलाला सगळे डुकरावरून का चिडवत होते?” तिचे बाबा मजल्यांचे लाल आकडे वाचायला लागले. मी म्हटलं, “नंतर सांगतो हं.” याला आता वर्ष होत आलं.

या वर्षी सेक्रेटरींनी बजावलंय : “हलकंफुलकं लावा हो. सणाचा दिवस आहे.” माझी यादी आणि माझी प्रामाणिक मतं खाली देतो. कुठे चुकत असेन तर कान धरा.

‘कोर्ट’ (चैतन्य ताम्हाणे) हा माझ्या मते गेल्या पंधरा-वीस वर्षांतला सगळ्यात तयारीचा मराठी सिनेमा. खटला एका म्हाताऱ्या शाहिरावर, पण दिग्दर्शक वकिलांच्या मागोमाग त्यांच्या घरापर्यंत जातो. सरकारी वकीलबाई दिवसभर कोर्टात कलमं वाचून दाखवतात आणि संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. कुणावर शेरा नाही, काही नाही. पण हा मी गच्चीवर लावणार नाही. त्यात कोर्टाचं काम संपतं, शिपाई एकेक दिवा मालवतो आणि पडदा बराच वेळ काळाच राहतो. आमच्याकडे चारजण वायर तपासायला उठतील.

‘श्वास’ : २००४ साली आला तेव्हा केवढं अप्रूप होतं! १९५४ साली ‘श्यामची आई’ला मिळाल्यानंतर थेट पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीकडे आला. ऑपरेशनआधी, नजर जायच्या आत आजोबा नातवाला दवाखान्यातून बाहेर काढून शहर दाखवतात, तिथे मी आजही फुटतो. पण दवाखान्यातला सुरुवातीचा भाग लांबलाय असं मला तेव्हाही वाटलं होतं. तेव्हा बोलायची सोय नव्हती एवढंच. आणि हातात भेळेची डिश घेऊन तो बघवणार नाही.

‘देऊळ’ : पहिला अर्धा भाग फर्मास. दत्त दिसला म्हणून एका साध्या गुराख्याचं गाव बघता बघता कसं धंद्याला लागतं ते बघावं. उत्तरार्धात मात्र एकच मुद्दा फिरून फिरून येतो, वीस मिनिटं सहज कापता आली असती. शिवाय आमच्या कमिटीत दोघे देवस्थानाचे विश्वस्त आहेत.

‘सैराट’ : जवळजवळ तीन तासांचा. गाण्यांवर पोरं नाचतील, शेवटी सगळे माझ्याकडे बघतील. नको.

‘बाईपण भारी देवा’ : मला फारसा रुचला नाही. प्रत्येक बहिणीचं दुःख कळलेलं असताना पुन्हा पार्श्वसंगीतानं कळवलं जातं. बायको आणि सासूबाई मात्र थेटरात दोनदा जाऊन आल्या, दुसऱ्यांदा नऊवारी नेसून.

तर : वय वर्षं ५ ते ८५, दोन तासांच्या आतबाहेर, रडारड नाही, पण अगदीच पाणचटही नको. सुचवा.

चिंच_गूळ :

बाईपणवरचं तुमचं मत वाचलं आणि हसू आलं. दादा, तो सिनेमा तुमच्यासाठी नव्हताच. माझी मोठी जाऊ पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला न विचारता सिनेमाला गेली ती त्याला. मंगळागौरीत फुगडी घालताना जिचा गुडघा दुखतो तिला ते संगीत जास्त वाटत नाही. सिनेमा म्हणून तो भडक आहे, हे कबूल. पण सासूबाई दोनदा का गेल्या, हे त्यांना विचारलंत का कधी?

मसालादूध :

ताई, नाही विचारलं. आज विचारतो.

दहाच्या_आत_घरात :

निवडीआधी व्यवहाराच्या दोन गोष्टी. उघड्यावर लाऊडस्पीकरला रात्री १० नंतर बंदी आहे, २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांपासून. ऑक्टोबरात सातच्या सुमारास पुरता अंधार पडतो. भाषणं, हौजी, दूधवाटप यात आठ वाजणार. म्हणजे हातात राहिले दोन तास. दुसरं, आपण घरी पैसे भरून ओटीटी घेतो ते घरात बघण्यासाठी. गच्चीवर दीडशे लोकांना तेच दाखवणं त्यात बसत नाही, तिकीट नसलं तरी. निर्माता किंवा ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांना मेल टाकून लेखी परवानगी घ्या. पेनड्राइव्हवर कुणी ‘आणून देतो’ म्हणालं तर हात जोडा.

मसालादूध :

बापरे. पेनड्राइव्हवर आणून देणारे आमचे खजिनदारच आहेत.

केळीचं_पान :

नागराज मंजुळेंच्याच करमाळ्याकडची आहे म्हणून फँड्रीबद्दल लिहिते. तुमचा कार्यक्रम फसला असं तुम्ही म्हणता, मला तसं वाटत नाही. आमच्याकडे हा सिनेमा बघताना पोरं डुकराच्या प्रसंगात हसली नव्हती. ती हसायची राष्ट्रगीताला. डुक्कर हाताशी आलंय आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं, डुक्कर निवांत चाललंय. तुमच्याकडे त्या जागी काय झालं?

मसालादूध :

तिथे? खरं सांगतो, आमच्याकडे मागचे दोघे-तिघे सवयीनं उठून उभे राहिले. मग पुढच्यांनीही मान वळवून बघितलं आणि तेही उभे राहिले. पडद्यावर जब्याचा बाप कचरू उभा, गच्चीवर आम्ही. मी हे वरती लिहायला कसा विसरलो कळत नाही.

केळीचं_पान :

मग फसला कसा म्हणता?

खारे_दाणे :

‘किल्ला’ सुचवतो. मी रत्नागिरीचा. वडील गेलेला मुलगा आईच्या बदलीमुळे कोकणात येतो, नवी शाळा, नवे दोस्त. सायकलवरून किल्ल्यावर गेलेली पोरं पाऊस आल्यावर याला एकट्याला मागे टाकून पळतात, ती जागा बघा. लहानपणी असं एकदा तरी सगळ्यांना कुणीतरी टाकून गेलेलं असतं. बंड्या झालेला पार्थ भालेराव तर पोरांना इतका आवडेल की दुसऱ्या दिवशी जिन्यात त्याचीच नक्कल चालेल. आमच्या पावसाचा आवाज मराठी सिनेमात इतका नीट क्वचितच ऐकू आला असेल.

मसालादूध :

किल्ला मलाही आवडतो. भीती एकच, त्यातला अर्धा सिनेमा न बोलता घडतो आणि आमच्याकडे कुणी दोन मिनिटं बोललं नाही तर लोक आपापसात बोलायला लागतात. त्यात त्याचा सगळा जीव त्या ओल्या, करड्या रंगात. चादरीवर त्याचं काय होईल?

टेबलफॅन :

चादरीवरून आठवलं. तुमचा पडदा कुठल्या दिशेला असतो? पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळता पूर्वेला उगवतो. पडद्याचं तोंड पूर्वेकडे असेल तर चांदणं थेट चादरीवर पडतं आणि चित्र धुऊन निघतं. म्हणून पडदा पूर्वेच्या कठड्याला बांधा, प्रेक्षकांनी पूर्वेकडे तोंड करून बसायचं. पण मग चंद्र चादरीमागून आरपार दिसतो, तेव्हा मागे काळं कापड हवंच. आम्ही ते विसरलो होतो, तर नायिकेच्या गालावर पूर्ण मध्यांतरापर्यंत चंद्र. खालच्या कडेला विटा बांधा. वाऱ्यानं चादर फुगली की सगळे नट गरोदर दिसतात.

मसालादूध :

हाहाहा. पश्चिमेच्या टाकीला बांधत होतो दोन्ही वर्षं! आणि मी प्रोजेक्टरवाल्याला शिव्या घालत होतो.

परदेशी_पुरण :

इथे न्यू जर्सीत आमच्या मंडळात हाच घोळ दरवर्षी. आमच्याकडे अडचण आणखी वेगळी, पोरांना मराठी अर्धंच कळतं. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावला होता, त्याला पोरं मांडी घालून बसली. फाळके घरातल्या वस्तू विकतात, कुंडीतलं रोप कसं वाढतं त्याची फिल्म काढतात, स्त्रीभूमिका करायला मिशीवाले पुरुष गोळा करतात, यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नाही. १९१३चा पहिला भारतीय सिनेमा करणारा माणूस इतका खेळकर दाखवायचं धाडस मला फार आवडलं. माझे यजमान म्हणतात, फाळक्यांचे हाल फारच गोड करून दाखवलेत. मलाही थोडं तसंच वाटतं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंच्या वाट्याला काय आलं असेल ते त्या हसऱ्या सिनेमात पुरतं येत नाही. पण गच्चीसाठी उत्तम.

भाकरी_ठेचा :

माझं मत ‘वळू’. उमेश कुलकर्णींचा पहिला, २००८चा. गावात एक मोकाट बैल, डुरक्या. त्याला पकडायला फॉरेस्ट ऑफिसर येतो, त्याचा भाऊ कॅमेरा घेऊन डॉक्युमेंटरी काढतो आणि मग प्रत्येक गावकऱ्याला कॅमेऱ्यासमोर काहीतरी सांगायचंच असतं. कुणाचं काही मोडलं, बैलानं. कुणाचं काही हरवलं, बैलानं. आता तुमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या मीटरवरून काय होतं ते आठवा. सरपंच आणि त्याचा विरोधक कोण ते मी सांगायची गरज नाही, गच्चीवर आपोआप माना वळतील. आणि शेवटी बैलाचंच जरासं वाईट वाटतं. फार नाही, दूध घशाखाली उतरेल इतपत.

चिंच_गूळ :

वळूला +१. अतुल कुलकर्णी बैलापुढे जितका गोंधळतो तितका माणसांपुढेही, ते मस्त आहे. मधला भाग किंचित रेंगाळतो, तेव्हा भेळ वाटून घ्या.

गावठी_गुलाब :

धागाकर्त्यांना एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही सिनेमा लोकांसाठी निवडता की आपली आवड लोकांना पटावी म्हणून? कारण यादीत जे जे तुम्हाला आवडतं ते ‘गच्चीवर नको’, आणि जे लोकांना आवडतं त्याला तुम्ही नाक मुरडलंय.

मसालादूध :

राग कशाला. खरं आहे ते. फँड्री लावला तेव्हा मी पडद्याकडे कमी आणि लोकांच्या तोंडाकडे जास्त बघत होतो. कुणाला कळतंय, कुणाला नाही, याची हजेरी घेत होतो. सिनेमा लावणाऱ्यानं तसं करू नये. या वेळी पुढच्या रांगेत बसणार आहे, पाठ सगळ्यांकडे.

मसालादूध : (चार दिवसांनी)

अपडेट. कमिटीत ‘वळू’ आणि ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ यांवर हात वर करून मतदान झालं. वळू दोन मतांनी पुढे. परवानगीचा मेल गेलाय, उत्तर आलं नाही तर नुसतं दूध आणि गाण्याच्या भेंड्या, हेही ठरवून टाकलं. सेक्रेटरींनी तीनदा विचारलं, “शेवटी दगड वगैरे नाही ना?”

सासूबाईंना विचारलं, चिंच_गूळ ताई. म्हणाल्या, “पहिल्यांदा सिनेमा बघितला, दुसऱ्यांदा मैत्रिणी.” पुढे काही बोलल्या नाहीत, मीही खोदलं नाही.

आणि लिफ्टवाली मुलगी, आता चौथीत आहे, काल नोटीसबोर्डापाशी भेटली. “या वर्षी पण डुक्कर आहे का?” मी म्हटलं, बैल आहे. तिनं विचार केला आणि म्हणाली, “त्यालापण चिडवतात?” या वेळी मात्र तिथेच जिन्यात बसून जब्याचं सगळं सांगितलं, मला जमलं तसं. तिचे बाबा भाजीची पिशवी घेऊन शेजारी उभे होते. मध्येच एका ठिकाणी त्यांनी माझं वाक्य दुरुस्त केलं, आणि ते बरोबर होतं.

आता शेवटचा प्रश्न टेबलफॅन यांना : बारा बाय आठच्या चादरीमागे लावायला काळं कापड पुण्यात स्वस्तात भाड्यानं कुठे मिळेल? विकत घेणं खजिनदारांना मान्य नाही.

टेबलफॅन :

मांडववाल्याला सांगा. गणपती उठल्यापासून त्याच्याकडे पडूनच असतं.