चिमटा काढून शॉकअप टाकला, तुमचे अनुभव लिहा

खडीवाट
मखराचं सामान काढायला माळ्यावर चढले होते, तिथे पेपरात गुंडाळलेला बाबांच्या सायकलचा जुना चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा साधा फोर्क, सापडला. निळा रंग, ॲक्सलच्या खाचेपाशी गंज. हातात घेतला आणि सगळं आठवलं म्हणून लिहितेय.

बाबांचं मनगट मोडलेलं, प्लास्टर निघालं तरी सायकल चालवली की रात्री सुजायचं. आमचं घर साताऱ्याजवळ, घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत दोन किलोमीटर नुसती खडी. सायकल सोडा म्हटलं तर बाबा सोडणारे नाहीत. मग पहिल्या पगारातून मी पुण्याहून शॉकअपवाला फोर्क आणला, १०० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा. दुकानात फक्त हँडलकडे जाणाऱ्या वरच्या नळीची जाडी विचारली, २८.६ मिमी, जुळली, झालं काम असं वाटलं.

बसवल्यावर सायकलचं तोंड वर. चढावर पुढचं चाक हलकं पडायचं आणि हळू जाताना हँडल आपोआप एका बाजूला कलंडायचं. बाबा आठ दिवस काही बोलले नाहीत, लेकीने आणलंय ना. एकदा संध्याकाळी मी बसमधून उतरले तर बाबा सायकल हातात धरून चालत घरी येताना दिसले, रस्त्यावर काही चढबिढ नाही, तरी चालत. मला तिथेच रडू आलं.

मग साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी टेप लावला. ॲक्सलच्या मध्यापासून वर बेअरिंगची कोन (कडी) बसते तिथपर्यंत जुना चिमटा ४१ सेंमी, नवा ४७. म्हणाले, "पोरी, नळी जुळली म्हणजे फोर्क जुळला नाही." नंतर ५० मिमी ट्रॅव्हलचा मिळाला, लांबी साडेत्रेचाळीसच्या आत, बाबा बसले की दबून बेचाळीसच्या जवळ. त्यावर बाबांनी पुढे सहा वर्षं रोज सायकल चालवली.

तुमचेही अनुभव लिहा, चुकलेले तर नक्की लिहा.

अर्धाचहा
बाबा चालत येताना दिसले हे वाचून डोळे भरले. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

पेडलमास्तर
काका बरोबर बोलले. ढोबळ हिशोब, फोर्क २० मिमी लांब झाला की फ्रेमच्या पुढच्या नळीचा कोन साधारण एक अंशाने आडवा पडतो. तुमच्यात ६० मिमी फरक होता, माणूस बसल्यावर २०-२५ मिमी दबला तरी जवळजवळ दोन अंश राहिले, हँडल कलंडणारच. आणि फ्रेमच्या पुढच्या सांध्यावर ताण वाढतो तो वेगळाच. जुन्या फ्रेम लांब फोर्कसाठी बनवलेल्याच नसतात, तिथे हौस करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कडीपत्ता
माझं नळी कापताना चुकलं. स्टेम (हँडल नळीला धरणारा भाग) आणि वॉशर न लावताच जुन्याच्या मापाने खूण केली आणि हॅकसॉ चालवला. नवीन फोर्कला हेडसेट (हँडलचे बेअरिंग) वेगळा, स्टेम जास्त उंच, नळी १२ मिमी कमी पडली. तिला जोड देता येत नाही, कोणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तरी देऊ नका, हँडल हातात येईल. अख्खा फोर्क वाया. आता सगळं बसवून बघते, वरच्या कडेपासून ३ मिमी खाली खूण करते, नाहीतर टोपी नळीवरच टेकते आणि बेअरिंग आवळलंच जात नाही. आणि आधी लांबच ठेवायची, वर वॉशर घालून महिनाभर चालवायची, मग कापायची.

झुळूक
३ मिमीचं कोणीच सांगत नाही!! धन्यवाद. माझं हँडल वर्षभर खडखडतंय, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे केली की टकटक लागते, ते हेच का?

कडीपत्ता
असू शकतं. नाहीतर खालची कोन पूर्ण बसली नसेल. ती जुन्या चिमट्यावरून काढून नव्यावर घालायची असते, पोरं विसरतात किंवा अर्धवट ठोकतात. त्या मापाचा पाइप घेऊन सरळ ठोकायची, आवाज बदलतो बसली की.

नारळीपाक
आमच्याकडे गणपतीला यंदा उकडीचे मोदक मीच करणार आहे, सासूबाईंचा हात दुखतोय. मनगटावरून आठवलं. तुमच्या बाबांनी शेक कसला घेतला होता?

खडीवाट
@नारळीपाक मिठाच्या कोमट पाण्याचा, पण डॉक्टरांना विचारूनच हं. मोदकांना शुभेच्छा, पिठी ताजी घ्या.

दगडूशेठचीगल्ली
आजोबांच्या काळ्या सायकलला शॉकअप टाकायची माझी फार इच्छा होती, रॉडचे ब्रेक असलेली. काळबादेवीला दोन चकरा मारल्या. तिची नळी बारीक, वर आटे पाडलेले, स्टेम आत घुसणारा, आजच्या बहुतेक फोर्कना आटे नसतात. शिवाय २८ च्या चाकाला पुरेल असं काही मिळेना आणि रॉडचे ब्रेक तर बसणारच नाहीत. शेवटी तशीच ठेवली, फक्त स्प्रिंगवाली सीट नवीन घातली. आता वाटतं बरं झालं, ती आजोबांची आहे तशीच राहिली.

पेडलमास्तर
ब्रेकचं चांगलं आठवलंत. साध्या व्ही ब्रेकची, म्हणजे रिमला दाबणाऱ्या ब्रेकची चाकं असतील तर फोर्कला बाजूचे खुंटे आहेत ना ते दुकानातच बघा. पुष्कळ नवे फोर्क फक्त डिस्कचे येतात, मग हब बदला, ब्रेक बदला, करता करता सायकलच नवी. एक गंमत म्हणून, सायकलला शॉकअप ही कल्पना लोकांना पटली ती १९८९ ला आलेल्या रॉकशॉक्स कंपनीच्या आरएस-१ फोर्कमुळे, पुढच्याच वर्षी अमेरिकेत ड्युरँगोला ग्रेग हर्बोल्ड तो लावून डाउनहिलचा (उतारावरच्या शर्यतीचा) विश्वविजेता झाला.

ऱ्हाइनकाठी
माझं उलटं झालं. जर्मनीत ऑफिसला ट्रेकिंग सायकलने जाते, ६३ मिमीचा स्प्रिंगवाला फोर्क होता. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तीन हिवाळ्यांत आतल्या नळ्या गंजल्या आणि फोर्क दबायचाच थांबला. वजन जड ते जडच. काढून साधा चिमटा घातला, पण शॉकअपइतक्याच लांबीचा मुद्दाम शोधला. एक किलोच्या वर वजन उतरलं, जरा रुंद टायर घातले आणि हवा कमी ठेवली, मनगटाला तेवढं पुरलं. खडीवाट, तुमच्या रस्त्याला मात्र शॉकअपच हवा होता, तो निर्णय योग्यच.

अर्धाचहा
आले परत. आमच्या ह्यांनी मुलासाठी जुना वापरलेला फोर्क आणलाय, दाबला की खाली जातो पण वर हळूहळू येतो, घ्यावा का?

कडीपत्ता
आतल्या नळ्या पुसून नखाने तपासा, ओरखडा लागला तर परत करा, सील फाटणार. नळ्या चांगल्या असतील तर ग्रीस वाळलं असेल, उघडून साफ करता येतो. मुलाचं वजन कमी असेल तर कडक स्प्रिंग दबणारच नाही, नळीला एक रबर बांधून मुलाला बसवा, किती खाली सरकतो ते बघा.

अर्धाचहा
रबर बांधला. मुलगा २४ किलोचा, जेमतेम नखाएवढा सरकला. परत करतोय, साधा चिमटाच राहू दे त्याला.

खडीवाट
बाबांना जुना चिमटा खाली आणून दाखवला. हातात घेऊन दोन्ही पाय डोळ्यासमोर धरून बघितले, म्हणाले सरळ आहे अजून, टाकू नको. आता तो व्हरांड्यात त्यांच्या खुर्चीमागे उभा आहे.

नारळीपाक
मखराचा फोटो टाका ना.