बोअरहोल ३डीत: होल आकाशात, कॉलर जमिनीखाली

कोअरबॉक्स:
नागपूरजवळच्या मनसर पट्ट्यातल्या मँगेनीजच्या २२ कोअर होलचा (खडकाचा दंडगोल नमुना, म्हणजे कोअर, काढलेल्या बोअरहोलचा) डेटा पायव्हिस्टात, म्हणजे पायथनच्या ३डी लायब्ररीत, काढतोय. कॉलर (होलचं तोंड), सर्व्हे (खोलीनुसार होलची दिशा), लिथो (खडकांचे प्रकार) अशा तीन सीएसव्ही. काही होल आकाशात जातात, सगळे कॉलर डीईएमच्या (जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशाच्या) साठेक मीटर खाली दिसतात, आणि झूम केलं की नळ्या थरथरतात. कुठे चुकतंय?

खडकफोड्या:
तिन्ही दुखणी वेगळी.

खाली जाणाऱ्या होलचा डिप, म्हणजे आडव्यापासूनचा कोन, कुणी -६० लिहितं, कुणी ६०. तुमच्याकडे दोन्ही मिसळलेत, म्हणून काही होल वर जातात. डिपचा कॉलम सॉर्ट करा, लगेच दिसेल.

कॉलरची उंची जीपीएसची, म्हणजे एलिप्सॉइडवरची (पृथ्वीच्या गणिती गोलाकारावरची), डीईएमची समुद्रसपाटीची, म्हणजे जिऑइडवरची. आपल्याकडे जिऑइड एलिप्सॉइडच्या खाली, म्हणून कॉलर बुडतात. जिऑइडची दुरुस्ती लावा. कॉलर ओढून डीईएमला चिकटवू नका, त्यात झाडं आणि डंपही आलेले असतात.

थरथर आकड्यांची आहे. यूटीएम नकाशापद्धतीच्या ४४ उत्तर झोनमध्ये तुमचं नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर, मीटरमध्ये) २३,६८,०००च्या आसपास. ग्राफिक्स कार्ड ३२ बिटांत काढतं, आणि एवढ्या मोठ्या आकड्याला तिथे पाव मीटरच्या पायऱ्या पडतात. ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर) आणि नॉर्दिंगमधून एक स्थानिक शून्य वजा करा, डीईएममधूनही तेच.

नागमोड:
सर्व्हेत ० मीटरची ओळ आहे ना? आणि दोन रीडिंगांमध्ये सरळ रेघ नको, मिनिमम कर्व्हेचर (रीडिंगांना गुळगुळीत कमानीने जोडणारी पद्धत) वापरा. चुंबकी कॅमेऱ्याचं केसिंगच्या (होलमधल्या लोखंडी नळीच्या) आतलं अझिमथ, म्हणजे उत्तरेपासूनची दिशा, फेकून द्या, लोखंड त्याला फिरवतं. ३०० मीटरचा -६०चा होल आडवा १५० मीटर जातो. अझिमथ ५ अंशांनी चुकला की तळ १३ मीटर बाजूला. मग थर जुळत नाहीत आणि आपण नसलेला फॉल्ट काढून बसतो.

कोअरबॉक्स:
९ होलचा डिप धन निघाला, शून्याचंही जमलं. आता एकाच होलमध्ये मँगेनीज दोनदा येतंय, मध्ये गोंडाइट (मँगेनीजयुक्त गार्नेट-क्वार्ट्झचा खडक). दोन थर धरू?

खडकफोड्या:
घाई नको. सौसर गटात, म्हणजे इथल्या मँगेनीजवाल्या खडकांच्या समूहात, घट्ट घड्या आहेत, एकच थर दोनदा छेदला गेला असेल. आधी कोअरमधल्या पट्ट्यांचे कोन चकत्या म्हणून होलवर लावा. कोअर ओरिएंट केलेला नसेल (जमिनीत तो कसा फिरलेला होता याची खूण नसेल) तर नुसत्या अल्फा कोनावरून (पट्टी आणि कोअरच्या अक्षामधल्या कोनावरून) उताराची दिशा ठरत नाही, तेव्हा चकत्या काढूच नका. आणि झेड (उभा अक्ष) ताणलेला असेल तर १ वर आणा: तिप्पट ताणला की ३० अंशांचा उतार ६०चा दिसतो.

नागमोड:
कोअर लॉसच्या (जिथे कोअर हाती आलाच नाही त्या) जागा रिकाम्याच ठेवा. तिथे शून्य ग्रेड (मँगेनीजचं प्रमाण) भरलात तर थर मधूनच तुटलेला दिसेल.