‘औदुंबर’ वाचताना घशात काय अडकतं?

जुनीवही
बालकवींची ‘औदुंबर’ काल लेकीला वाचून दाखवत होते. आठच ओळी. तिच्या गाइडात ‘निसर्गाचे सुंदर वर्णन’ एवढंच छापलंय. मला मात्र शेवटच्या दोन ओळींशी (‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर, पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’) पोचले की घशात काहीतरी अडकतं, दर वेळी. कवितेत कुणी मरत नाही, रडत नाही, मग हे येतं कुठून? कवी १९१८ साली अठ्ठाविसाव्या वर्षी रेल्वेअपघातात गेले. ते ठाऊक आहे म्हणून मीच ते दुःख कवितेत घालतेय का?

पैलथडी
चरित्र घटकाभर बाजूला ठेवा. लिहिणाऱ्याला आपला शेवट कुठे ठाऊक होता? त्यापेक्षा रंग बघा. पहिल्या सहा ओळींत हिरवा तीनदा येतो: हिरवाळी, हिरवी गर्दी, हिरवं कुरण. त्यातून पांढरी पायवाट निघते आणि जाते कुठे, तर ‘काळ्या डोहाकडे’. पुढे हिरवा नाहीच.

आता क्रियापदं बघा, मला तर सगळी कविता तिथेच सापडते. झरा ‘वाहतो’, वाट ‘चालली’, औदुंबर ‘बसला’. वाट चालतेय, पण वाटेवर माणूस नाही. गाव आहे, शेतमळे आहेत, दारात कुणी उभं नाही. वाहणारं सगळं हळूहळू निवत जातं आणि एका जागी बसतं. ‘दुःख’ हा शब्द न वापरता तुमचा घसा दाटतो तो यामुळे, असं मला वाटतं.

मुक्कामपोस्ट
पटलं, पण काळिमा ‘गोड’ आहे, हे विसरू नका. नुसती उदास कविता म्हणालात तर हा शब्द कुठे ठेवणार? पाण्यात पाय सोडून कोण बसतं? दमलेला वाटसरू, नाहीतर घरी जायची घाई नसलेलं पोर. मला तो औदुंबर दुःखी वाटत नाही, सगळ्यातून सुटलेला वाटतो.

जुनीवही
आज पुन्हा वाचली, ‘बसला’पाशी थांबत थांबत. लेकीने रंगीत पेन्सिली काढून शब्दांखाली रेघा मारल्या. हिरव्या तीन झाल्या, निळी झाली, काळी झाली. आता ‘गोड’खाली कुठला रंग द्यायचा म्हणून अर्धा तास विचार करतेय.