पाटणादेवीकडे जिओकॅशिंग: सॅकमध्ये काय हवंच?

गिरणाकाठ: राम राम मंडळी. दिवाळीनंतर आम्ही चौघं पाटणादेवीच्या जंगलात जिओकॅशिंगला, म्हणजे जीपीएसच्या आकड्यांवरून कोणीतरी लपवलेले डबे शोधायला, जाणार आहोत. सकाळी चाळीसगावहून निघून संध्याकाळी परत. फोनवर अ‍ॅप आहे, वेगळं जीपीएस यंत्र नाही. काय घ्यावं, कशाला जपावं?

नकाशेवाला: फोन पुरतो. जीपीएसला रेंज लागत नाही, नकाशा उतरायला लागते. म्हणून नकाशा आणि डब्याची माहिती घरीच उतरवून घ्या. १०,००० एमएएचची पॉवर बँक न्या, आणि वायर तपासूनच.

घोळ होतो तो आकड्यांत. कॅशचे, म्हणजे लपवलेल्या डब्याचे, अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत असतात, उदा. २०° २०.५००'. हेच कोणी २०.२०५०० असं टाकलं की अ‍ॅपमधला बाण पंधरा किलोमीटर दक्षिणेला नेतो. बरोबर रूपांतर २०.३४१६७ (मिनिटांना ६० ने भागायचं).

कड्याखाली सिग्नल खडकावर आपटून येतो, बाण नाचतो. दहा मीटरवर आलात की फोन खिशात घाला आणि डोळ्यांनी शोधा. मुद्दाम रचल्यासारखे दगड, ढोलीत कोंबलेला पालापाचोळा.

काठी_आधी: वरच्या ओळीत एक भर. जिथे नजर जात नाही तिथे हात घालायचा नाही, आधी काठी. फुरसं दगडाखालीच बसतं आणि रंगाने मातीत मिसळून जातं. दगड उचलायचा तर पलीकडची कड धरून आपल्याकडे कलता करा, म्हणजे खाली काही असलंच तर मधे दगडाची आड राहते. चामडी हातमोजे, घोट्यावर येणारे बूट.

चावलंच तर आवळपट्टी नको, चिरा नको, चोखणं नको. अंगठी-घड्याळ काढा, हातपाय मोडल्यावर बांधतात तसा स्थिर ठेवा, चालवू नका, १०८ लावा. रेंज कुठपर्यंत आहे ते जाताना बघून ठेवा, ऐनवेळी शोधत बसाल.

कड्यावर आग्या मोहोळ असेल तर तो डबा सोडून द्या. अत्तर, बिडी, आरडाओरडा बंद.

गिरणाकाठ: पाणी किती? आणि डब्यासाठी वेगळं काही?

दशमीवाला: माणशी तीन लिटर, शिवाय ओआरएसच्या दोन पुड्या. एक पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच, बहुतेक एक लिटर. अर्ध्या बाटलीत ओतू नका भो. जेवायला दशम्या, उन्हात टिकतात.

डब्यातल्या कागदावर नाव लिहायला शिसपेन्सिल घ्या, दमट कागदावर पेन उठत नाही. बोटभर डबीतली त्या कागदाची गुंडाळी काढायला बारीक चिमटा. डब्यातली वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची ठेवा. खाऊ कधीच नाही, माकडं डबा फोडतात.

दिवाळीनंतर कुसळं वाळलेली असतात, पायमोज्यांवर गेटर (पोटरीवरचं आवरण) चढवा. खाजकुइली लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा, मग धुवा.

हे गौताळा-औट्रम घाट अभयारण्य आहे. गेटवर नोंद करा, कुठे जायची मुभा आहे ते विचारा. जुन्या देवळांचा दगड हलवायचा नाही, आकडे तिथेच दाखवत असले तरी.