मदत हवी आहे: परिषदेत नेमकं काय ऐकू?

नमस्कार मंडळी. मी मालवणात डोळ्यांची ऑपरेशनं करतो. पुढच्या महिन्यात नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेला निघालोय, तीन दिवस दवाखाना बंद ठेवून. मागच्या खेपेला महागड्या लेन्सांची भाषणं ऐकली आणि दोन कापडी पिशव्या घेऊन परत आलो!

माझ्याकडे येतात ते रापणीवरचे मच्छीमार. उन्हावाऱ्याने नाकाच्या बाजूने बुबुळावर चढलेलं मांस, म्हणजे आपलं टेरिजियम. ते काढून पेशंटच्याच कंजंक्टायव्हाचं, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याचं, कलम लावतो. टाके आठवडाभर टोचतात, फायब्रिन ग्लू, म्हणजे कलम चिकटवायचा तयार गोंद, त्यांना परवडत नाही. टाक्यांऐवजी पेशंटच्याच रक्तावर कलम चिकटवणारं इथे कोणी आहे का? डोळा चोळला की सरकतं का? पट्टी किती वेळ ठेवता?

परिषदेत यावर प्रत्यक्ष करून दाखवणारी कार्यशाळा कशी शोधायची, तेही सांगा.