सोन्याचांदीचे चलन: सरकारला लगाम की नवी डोकेदुखी?

धागाकर्ता:
१९२३ साली जर्मनीत कागदी मार्कची माती झाली, ती नोटा छापण्यावर कसलाच धरबंध न उरल्यामुळे. म्हणून माझे मत असे, की चलन पुन्हा सोने व चांदी या दोन्ही धातूंशी बांधावे आणि त्यांचे परस्पर प्रमाण कायद्याने ठरवावे. १८२१ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत पौंडामागचे सोने घटले नव्हते, हे विसरू नये.

पहिला प्रतिसाद:
पौंडाचा दाखला तुमच्यावरच उलटतो, कारण ते चलन निव्वळ सोन्याचे होते. चांदीला इंग्लंडने १८१६ सालीच दुय्यम ठरवले होते. कायद्याने नाण्याचे वजन ठरवता येते, दोन धातूंचा बाजारभाव नाही, आणि घोडे तिथेच पेंड खाते. अमेरिकेने १७९२ साली एका औंस सोन्याला १५ औंस चांदी असे प्रमाण ठरवले, तर फ्रान्सने १८०३ साली साडेपंधरा. आता व्यापाऱ्याच्या जागी बसून हिशेब करा: अमेरिकेत १५ औंस चांदी देऊन एक औंस सोने घ्यायचे, ते जहाजाने फ्रान्सला न्यायचे आणि तिथे साडेपंधरा औंस चांदी पदरात पाडायची, वाहतूक व विमा वजा जाता उरेल तो नफा. अमेरिकेतून सोन्याची नाणी आटली, यात नवल ते काय? १८३४ साली प्रमाण सोळाच्या आसपास नेले, तेव्हा चांदीने देश सोडला.

धागाकर्ता:
मान्य. मग प्रमाण ठरवूच नये. कर्ज ज्या धातूत काढले त्याच धातूत फेडावे. हिशेबाची कटकट वाढेल, पण सरकारी मनमानीपेक्षा ती परवडली.

दुसरा प्रतिसाद:
धातूमुळे मनमानी थांबते, हेच मुळात खरे नाही. तिसऱ्या शतकात रोमच्या सम्राटांनी चांदीच्या नाण्यात इतके हीण मिसळले, की शेवटी तांब्यावर चांदीचा मुलामा तेवढा राहिला. शिवाय १८७३ च्या सुमारास मोठे देश एकापाठोपाठ सोन्याकडे वळले, सोने अपुरे पडू लागले आणि जवळपास दोन दशके वस्तूंचे भाव उतरत गेले. अमेरिकेतल्या कर्जबाजारी शेतकऱ्याला तेवढाच हप्ता फेडायला गव्हाची जास्त पोती विकावी लागली. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींमुळे आणि सायनाइडने सोने वेगळे करण्याच्या पद्धतीमुळे पुरवठा वाढला. म्हणजे चलनाचे धोरण खाणीत ठरत होते!

धागाकर्ता:
शेतकऱ्याचा मुद्दा अवघड आहे, त्याचे उत्तर माझ्याकडे आत्ता नाही. रोमबद्दल मात्र एवढेच म्हणेन, की हिणकस नाणे कसोटीच्या दगडावर घासले की पितळ उघडे पडते. नोट कशावर घासणार?