होल्स्टरला मराठीत काय म्हणाल? म्यान, आकडी की घर?

नाशिकहून:

ऑक्टोबरात भावाच्या द्राक्षबागेत गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला गेलो होतो. छाटणाऱ्याच्या हातात दिवसभर कात्री असते. मध्येच हात मोकळा हवा असला की ती खिशात कोंबायची, नाहीतर मांडवाच्या तारेला अडकवायची. खिसे फाटतात आणि तारेवरची कात्री तिथेच राहते. चामड्याचं काम मी गेली चार वर्षं हौसेनं करतोय, पट्टे बऱ्यापैकी जमतात. म्हणून पट्ट्यात ओवता येईल असं कात्रीचं होल्स्टर, म्हणजे कमरेला पिस्तूल ठेवतात तशी चामड्याची खोळ, शिवायला घेतलं.

पहिलं साफ फसलं. दुकानदारानं खात्रीनं दिलेलं चामडं क्रोमच्या क्षारांवर कमावलेलं, मऊसूत होतं. कात्री बाहेर काढली की तोंड मिटायचं आणि परत घालायला दोन हात लागायचे. दुसरं बाभळीच्या सालीवर आणि हिरड्यावर कमावलेल्या, साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चामड्याचं केलं. कोमट पाण्यात भिजवलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कात्रीभोवती दाबलं, हाडाच्या गुळगुळीत पट्टीनं कात्रीचा आकार वर उठवला आणि सावलीत वाळवलं. आता ते रिकामं असलं तरी तोंड उघडं ठेवून असतं.

वस्तू झाली, पण नाव सापडेना. पेठ-सुरगाण्याकडून छाटणीला येणाऱ्या मजुरांच्या टोळीतल्या एकानं विचारलं, "भाऊ, ह्याला काय म्हणायचं?" मी होल्स्टर म्हणालो. त्यानं दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. मराठीत काय म्हणावं? म्यान हा शब्द डोक्यात आला, पण मन घेत नाही.

पुण्याहून:

मन का घेत नाही? म्यानाचा हक्क मोठा आहे. शब्द फारसी 'मियान'वरून आला. मियान म्हणजे मधला भाग, कंबरही. आपण रोज म्हणतो त्या 'दरम्यान'मध्येही हाच मियान आहे. म्हणजे कंबर त्या शब्दातच बसलेली. होल्स्टरचं तसं नाही. इंग्रजीनं तो सतराव्या शतकात डच भाषेतून घेतला, आणि तेव्हा तो खोगिराच्या पुढे दोन बाजूंना लटकणाऱ्या पिस्तुलांच्या चामडी पिशव्यांचा शब्द होता. माणसाच्या कमरेवर तो पुढे आला. त्याच कुळातला जुन्या गॉथिक भाषेतला शब्द पडदा, आच्छादन अशा अर्थाचा आहे. झाकणं हे काम म्यान आणि होल्स्टर दोघांचंही, मग म्यानानं काय वाकडं केलंय?

नाशिकहून:

माहिती फार आवडली, पण अडचण वापरातली आहे. 'तलवार म्यान केली' म्हटलं की भांडण मिटलं, काम संपलं. माझी कात्री दिवसातून शंभरदा आत-बाहेर होते. ती ठेवायची तीच पुन्हा लगेच हातात यावी म्हणून. शिवाय म्यान पात्याच्या अंगाबरोबर असतं, तलवार त्यात बंद होते. इथे मूठ उघडी हवी, तोंड ताठ हवं, आणि एका हातानं काम व्हायला हवं. या तीन गोष्टी ज्या शब्दात ऐकू येतील तो शब्द हवाय.

चिपळूणहून:

मग आमची आकडी घ्या. कमरेला मागच्या बाजूला बांधतात आणि तिच्यात कोयती अडकवतात. नारळावर चढणारा दोन्ही हातांनी माड धरून चढतो, वर पोचला की मान न वळवता हात मागे नेतो आणि मूठ बरोबर हातात येते. झावळी तोडली की कोयती परत मागे, तीही न बघता. माझे काका साठीतही असे चढायचे. तुमच्या तिन्ही अटी आकडी कधीपासून पाळतेय. चामड्याची नसते एवढंच.

नाशिकहून:

दादा, हे वाचून बराच वेळ थांबलो. वस्तू म्हणून आकडी हे खरं होल्स्टरच आहे. मी जे इंग्रजी व्हिडिओ बघून शिकलो ते कोकणात माणसाच्या पाठीशी होतं. पण आकडीत अडकवणं आहे, हूक आहे. माझं खोबणीसारखं, आत जाणारं आहे. नाशकात आकडी म्हटलं तर लोक हूकच शोधतील.

कोल्हापूरहून:

आमच्या घरी दोन पिढ्या पायताणाचं काम. आजोबांनी होल्स्टर हा शब्द ऐकलाही नसेल, पण एकदा ओळखीच्या फौजदारानं पिस्तूल ठेवायला शिवून मागितलं, तेव्हा ते सरळ म्हणाले होते, "पिस्तुलाचं घर करून देतो." चष्म्याचं घर म्हणतोच की आपण. कापडावर बटणाचं घर असतं. जी वस्तू जिथे बरोबर बसते, जिथून निघते आणि जिथे परत येते, ते तिचं घर. तेव्हा कात्रीचं घर म्हणा.

बाकीचे शब्दही शोधत बसू नका, ते हातात हत्यार धरणाऱ्यांनी कधीच करून ठेवलेत. भोक पाडते ती आरी. कडेला चामडं पातळ करायचं, तासायचं, ती रापी. बारीक कापलेली चामड्याची दोरी ती वादी. आणि कच्च्या कातड्यावर दिवसचे दिवस राबून त्याचं चामडं करणं म्हणजे कमावणं. पैसा कमावणं, शरीर कमावणं आणि कातडं कमावणं या तिन्हींच्या मुळाशी काम आहे. हे काम ढोर समाजानं पिढ्यान्‌पिढ्या कुंडातल्या पाण्यात उभं राहून केलं आणि त्याबद्दल गावाबाहेर राहण्याची शिक्षा भोगली. हौसेनं हे शब्द वापरणाऱ्यांनी ते कुणाचे आहेत हे लक्षात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

पुण्याहून:

घर! म्यानाचा आग्रह सोडला. जाता जाता पट्ट्याबद्दल एक. पट्ट्यावरून आपण माणसं ओळखत आलोय. मुंबई इलाख्यात कचेरीतला शिपाई तो पट्टेवाला. उत्तरेकडे त्यालाच चपरासी म्हणतात, पट्ट्यावरच्या बिल्ल्यावरून, म्हणजे चपराशीवरून. आणि इंग्रजी बकलचं मराठीत बक्कल झालं ते हवालदाराच्या 'बक्कल नंबर'पर्यंत जाऊन पोचलं. ते बकल मुळात लॅटिनमधल्या गालाच्या शब्दावरून आलं, शिरस्त्राणाचा गालाखालचा पट्टा त्यानं आवळायचे.

नाशिकहून:

घर ठरलं. परवा टोळीतल्या त्याच माणसाला सांगितलं. तो लगेच म्हणाला, "मंग माझ्या कात्रीला बी एक घर करा." सहा करायला घेतलीत. कोल्हापूरकर दादा, एकच विचारायचंय. शिलाई एकाच मेणदोऱ्याला दोन टोकांना दोन सुया लावून करतोय, म्हणजे एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. पण कडेला दोन थर वेगळे दिसतात.

कोल्हापूरहून:

घोटत नाही तुम्ही. कड ओलसर करा आणि गुळगुळीत लाकडानं घोटा, ती गरम होऊन चमकेपर्यंत. अंगठा फिरवल्यावर जोड लागला तर परत घोटा. तोंडाची कड सगळ्यात जास्त, कारण कात्री दिवसभर तिथेच घासणार.